गाडी मॉडिफिकेशनचा धंदा करायचाय? आधी ही दोन सीटची गाडी बघा



मागच्या बॅचमधल्या एका मुलाचा रविवारी सकाळी फोन आला. शिरोली एमआयडीसीत त्याच्या वडिलांचे दोन लेथ आहेत, जॉबवर्क चालतं. "सर, अडीच लाख जमलेत. गाड्यांच्या अॅक्सेसरीजचं दुकान टाकतोय. गाळा बघितलाय, उद्या डिपॉझिट द्यायचंय."

"विकणार काय?"

"सगळंच, सर. स्पॉयलर, लाइट, सीट कव्हर, सायलेन्सर."

मी म्हटलं, डिपॉझिट आठ दिवस थांबव. "सगळंच" हे धंद्याचं उत्तर नाही. आणि तुझ्याकडे घरचे लेथ असताना तू दुसऱ्याचा माल आणून विकायला का निघालास? मग त्याला एका गाडीची गोष्ट सांगितली. फोनवर पाऊण तास गेला. त्याला सांगितलं तेच तुमच्यासाठी लिहितोय, कारण हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे.

गाडीचं नाव माझदा मिआटा. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर नावाने विकली गेली, ब्रिटनमध्ये एमएक्स-5. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन सीट, कापडी छत, मागच्या चाकांना ताकद, 1.6 लिटरचं 116 हॉर्सपॉवरचं इंजिन आणि वजन हजार किलोच्या आतबाहेर. अमेरिकेत किंमत चौदा हजार डॉलरच्या आत, म्हणजे फेरारीचं स्वप्न बघणाऱ्या पण पगारावर जगणाऱ्या माणसाला परवडेल अशी स्पोर्ट्स कार. पहिल्याच पिढीच्या चार लाखांवर गाड्या बनल्या. 2016 पर्यंत सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखांचा आकडा पार झाला.

आता धंद्याच्या नजरेने बघा. लाखो गाड्या एकसारख्या. मालक हौशी, पण श्रीमंत नाहीत, त्यामुळे रविवारी स्वतःच पाना घेऊन गाडीखाली झोपणारे. आणि गाडी स्वस्तात बनवलेली, म्हणजे छोट्या छोट्या कटकटी भरपूर. अॅक्सेसरीवाल्याला यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार?

कटकटी कुठल्या ते ऐका. छत उघडून वेगात गेलं की वारा समोरून नाही, मागून लागतो. पुढच्या काचेवरून गेलेली हवा वळते आणि दोन सीटच्या मधून मानेवर येते. मालकांनी काय केलं? प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा कापला आणि सीटच्या मागे उभा केला. पहिल्या हौशी लोकांनी अॅक्रिलिक वापरलं तर ते तडकून धारदार तुकडे होण्याची भीती. पॉलिकार्बोनेट महाग, पण ते फुटत नाही, वाकतं. माणसाच्या डोक्यामागे बसवायची वस्तू आहे, तिथे पत्र्याच्या किमतीत पैसे वाचवायचे नसतात. ज्याला हे कळलं त्याची घरगुती जुगाड वस्तू विकण्याच्या लायकीची झाली.

दुसरी कटकट छताची. पहिल्या पिढीत मागची खिडकी प्लास्टिकची होती. उन्हाने पिवळी पडायची, थंडीत घडी घातली की चीर जायची. छत खाली करण्याआधी खिडकीची चेन उघडून ती सपाट झोपवायची असते, पण घाईत कोण करतो! काही मालक घडीच्या जागी टॉवेल ठेवायचे. दुसऱ्या पिढीत, 1998 मध्ये, कंपनीने स्वतःच काच दिली. तुम्हाला वाटेल, झालं, धंदा संपला. उलट! रस्त्यावरच्या लाखो जुन्या गाड्यांच्या मालकांना आता कळलं की काच बसू शकते. जुन्या गाडीला बसणारी काचेची छतं आजही विकली जातात. कंपनी तिची चूक नव्या मॉडेलमध्ये सुधारते, जुन्या मॉडेलचा मालक तुमच्याकडे येतो.

तिसरी कटकट मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात धंदा नाही. छतावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंच्या भोकांतून खाली जातं. तिथे पाला अडकला की पाणी आत साचतं, गालिचा कुजतो आणि पत्रा गंजतो. त्रास मोठा आहे. पण उपाय काय, तर गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी भोकात घालून हलवायची. मिआटावाले हे एकमेकांना फुकट सांगतात. इथे कोणी "ड्रेन क्लीनिंग किट" काढून पैसे लावले तर विकत कोण घेणार? मित्रांनो, आपल्या क्लासमध्ये आपण "अडचण शोधा" असं सारखं म्हणतो. अर्धं वाक्य आहे ते. अडचण मोठी असून उपाय फुकटात होत असेल तर हात जोडून पुढे जायचं.

आणि चौथी गोष्ट, ज्यासाठी मी त्या पोराला ही सगळी कथा सांगितली: गिअर नॉब. मिआटाचा गिअर हातात घट्ट, छोट्या फेकीचा, त्या गाडीची खरी मजा त्यातच आहे. त्यामुळे नॉब बदलणं हा तिथला पहिला हौशी प्रयोग. कोणी बिलियर्डचा चेंडू भोक पाडून बसवतो, कोणी लाकूड, कोणी वजनदार स्टील. वजन वाढलं की गिअर हाताला हलका पडतो. पण धातूचा नॉब आणि उघडं छत, उन्हात तासभर गाडी उभी केली की हात भाजतो. म्हणून काही जण परत डेलरिनसारख्या प्लास्टिककडे किंवा चामड्याकडे वळतात.

आता टर्नर मंडळींनी कान द्या. मिआटाच्या गिअर रॉडला आटे आहेत एम10, पिच 1.25. आपल्या वर्कशॉपमध्ये एम10 म्हटलं की हाताशी येणारा टॅप दीडचा. दीडने आटे पाडलेला नॉब एक-दोन फेरे फिरतो आणि अडकतो. जोर लावला तर रॉडचे आटे जातात, म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसान आणि तुमच्या नावावर शिव्या. पाव मिलिमीटरचा फरक आहे हो! पण तेवढ्यावर अख्खा लॉट भंगारात जातो. या धंद्यात तुम्ही वस्तू विकत नाही, "बसते" ही खात्री विकता.

ही खात्री मोठ्या प्रमाणावर कोणी विकली? कोलोरॅडो राज्यात ग्रँड जंक्शन गावाजवळ फ्लाइन मिआटा नावाची कंपनी आहे. बिल आणि टेरी कार्डेल या नवरा-बायकोने उभी केलेली. मुळात ते साधं दुरुस्तीचं गॅरेज. मग ते एकाच गाडीवर स्थिरावले आणि तिच्यासाठी टर्बो किट, सस्पेन्शन, खालची चेसिस मजबूत करणारे भाग करू लागले. टर्बो नुसता विकता येत नाही. तो बसवला की इंधन जास्त लागतं, इंजिन जास्त तापतं, क्लचवर ताण येतो. म्हणून किट. सगळे भाग एका खोक्यात, बसवायचा क्रम लिहून. मोठी शहरं शेकडो किलोमीटर लांब असलेल्या गावात बसून धंदा चालला, कारण गिऱ्हाईक गावात नव्हतंच. ते देशभर होतं, पण एकाच गाडीचं होतं.

कॅलिफोर्नियातल्या मॉस मोटर्सचं उदाहरण उलट बाजूने बघा. 1948 मध्ये सुरू झालेली ही कंपनी. ते जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे पार्ट विकत होते. मिआटा आली तेव्हा त्यांनी तिच्या अॅक्सेसरीजही घेतल्या. माल बदलला, माणूस तोच राहिला: छत उघडून फिरणारा, स्वतः पाना धरणारा.

आता आपल्याकडे येऊ, कारण इथे कायदा मध्ये उभा आहे आणि तो न वाचता दुकान टाकणारे मी पाहिलेत. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. गाडी कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात कलम 182अ आलं: बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि विकणाऱ्यांनो, सरकारने अतिमहत्त्वाचा सुरक्षा भाग म्हणून जाहीर केलेली वस्तू नियमात न बसणारी विकली तर एका वस्तूमागे एक लाख दंड, वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या पोराच्या यादीतला कर्णकर्कश सायलेन्सर इथेच कटाप. साइड एअरबॅग सीटमध्येच असतील तर साधं सीट कव्हरसुद्धा तिला अडवू शकतं, म्हणजे तेही वाटेल ते विकता येत नाही.

मग उरतं काय? पान्याने बसेल, पान्याने निघेल आणि गाडीच्या नोंदीला हात लागणार नाही असं. नॉब त्यात येतो.

हिशोब केला फोनवरच, अंदाजाचे आकडे धरून. समजा माल, लेथ आणि फिनिशिंग मिळून 260 रुपये, पॅकिंग 30, कुरियर 70. झाले 360. विक्री 599. पोरगं खूश, "सर, 239 सुटतात!" थांब म्हटलं. दहा पाठव. एक परत आला असं धर. नऊचे मिळाले 5,391. खर्च दहांचा 3,600, परतीचं कुरियर 70. उरले 1,721, म्हणजे नगामागे 172. परत आलेला नॉब चकचकीत राहिला तर पुन्हा विकेल, ओरखडा पडला तर गेला. जाहिरात, जीएसटी अजून धरलेलंच नाही. दहात दोन परत आले की हाच आकडा 105 वर येतो. आणि परत का येतात? बसत नाही म्हणून.

तर काम ठरलं ते असं: गाळा नाही. ओळखीतल्या पाच वेगवेगळ्या मॉडेलच्या गाड्या गाठायच्या, मालकाला विचारून नॉब काढायचा, थ्रेड गेज लावायचा, वहीत लिहायचं. रिव्हर्ससाठी कॉलर वर ओढावी लागते का तेही बघायचं, कारण तशा गाडीला साधा गोळा चालणारच नाही. मग एकाच मॉडेलसाठी वीस नग, घरच्या लेथवर.

परवा त्याचा मेसेज आला. तीन गाड्या मोजून झाल्या, तिन्हींचं माप वहीत आहे. चौथ्या गाडीच्या नॉबला आटेच नाहीत, दाबून बसवलाय, काकांची गाडी आहे आणि काका ओढू देत नाहीत. गाळेवाल्याला त्याने नाही कळवलंय.