मंदीचा बाजार आणि गुरुजींची शिल्लक

मुंबईचा शेअर बाजार कोसळला तर वर्ध्याला त्याचे काय, असा प्रश्न एके काळी सहज विचारला जाई. दलाल स्ट्रीटवरील तेजीमंदी ही ज्यांच्यापाशी जास्तीचा पैसा आहे त्यांची चिंता. हिंगणघाटच्या कारकुनाची वा आर्वीच्या शिक्षकाची शिल्लक भविष्य निर्वाह निधीत, टपाल खात्यात, आयुर्विम्यात आणि जिल्हा बँकेच्या मुदत ठेवीत निर्धास्त असते, अशी समजूत या जिल्ह्यात दृढ होती. वस्तुतः कापूस पिकविणाऱ्या मुलखाने मुंबईच्या बाजाराशी आपला संबंध नाही असे मानावे, हेच थोडे नवलाचे. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तेव्हा कापसाचे भाव आणि मुंबईतील कंपन्यांचे भाग एकदमच कोसळले होते. तरीही समजूत टिकली. कारण ती सोयीची होती.

तिला पहिला मोठा तडा गेला तो २ जुलै २००१ रोजी. युनिट ट्रस्टने त्या दिवशी आपल्या ‘यूएस-६४’ या योजनेच्या युनिटांची विक्री व पुनर्खरेदी सहा महिन्यांकरिता थांबविली. १९६४ मध्ये निघालेली ही योजना मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दृष्टीने जवळजवळ सरकारी ठेवच होती. निवृत्तीची रक्कम आली की त्यातील काही भाग युनिटांत घालावा, असा सल्ला शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीच्या चहाच्या टेबलावर वर्षानुवर्षे दिला जात असे. या युनिटांमागे असलेल्या मालमत्तेचा मोठा हिस्सा शेअरांत गुंतलेला आहे, ही गोष्ट लपविलेली नव्हती. पण ती विचारण्याची गरज कोणास वाटली नाही. जानेवारी २००२ मध्ये योजनेचे निव्वळ मूल्य प्रथमच जाहीर झाले, तेव्हा दहा रुपयांच्या युनिटामागे सहा रुपयांचीही मालमत्ता नव्हती. लहान युनिटधारकांना शासनाच्या पाठबळाने ठरावीक दराने रक्कम मिळाली हे खरे. पण तोवर, आपण शेअर बाजारात नाही असे समजणारी लक्षावधी माणसे पुष्कळ काळ त्याच बाजारात उभी होती, हे उघड झाले होते.

आज तर तशी समजूत बाळगण्यास जागाच उरलेली नाही. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांना जुने निवृत्तिवेतन लागू राहिले नाही. त्यांच्या वेतनातून मूळ पगार व महागाई भत्त्याच्या दहा टक्के रक्कम कापली जाऊ लागली आणि पुढे ही योजना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन झाली. सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या तिच्या ठरावीक रचनेत शेअरांच्या वाट्यावर दीर्घकाळ १५ टक्क्यांची मर्यादा होती. उरलेली रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत व कंपन्यांच्या कर्जरोख्यांत. खासगी कारखान्यातील कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीचाही काही अंश ऑगस्ट २०१५ पासून शेअरांत जाऊ लागला. त्यांवर अलीकडच्या वर्षांत म्युच्युअल फंडांच्या मासिक हप्त्यांची भर पडली. सेलू-देवळीच्या तरुण शिक्षकाने आयुष्यात एकही शेअर विकत घेतला नसला, तरी तो भागधारक असू शकतो.

मग बाजार पडला म्हणजे त्याच्या शिल्लकीचे होते काय? ८ जानेवारी २००८ रोजी मुंबईचा निर्देशांक २०,८७३ वर बंद झाला होता. ९ मार्च २००९ रोजी तो ८,१६० वर आला. चौदा महिन्यांत शंभरातले एकसष्ट रुपये गेले. ज्याची सारी पुंजी शेअरांत होती त्याला ही रक्कम भरून काढण्यास उरलेल्या पैशावर दीडशे टक्क्यांहून अधिक वाढ हवी होती. परंतु ज्याच्या दहा लाखांपैकी सात लाख निर्वाह निधी, टपाल व बँक यांत आणि तीनच लाख शेअरांच्या फंडात होते, त्याची एकूण घट सुमारे एक लाख ऐंशी हजारांची, म्हणजे अठरा टक्क्यांची होती. तीही दिवाळी २०१० पर्यंत कागदावर बहुतांशी भरून निघाली. दरमहा ठरावीक रक्कम गुंतविणाऱ्याला त्या तळाच्या दिवसांत एकाच हजार रुपयांत शिखरावरच्या मानाने अडीच पट भाग मिळत होते. घबराटीत ज्यांनी हप्ते बंद केले त्यांनी नेमका हाच स्वस्ताईचा काळ सोडून दिला.

येथे गुंतवणूक-सल्लागार थांबतात. थोडे थांबावे, बाजार परत येतो, हे त्यांचे पालुपद. ते पुरते खरे नाही. एप्रिल १९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरण उघडकीस येण्याच्या सुमारास निर्देशांकाने ४,४६७ ची पातळी गाठली होती. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो तीन हजारांच्या खाली होता. मधल्या काळात तो वर जाऊन आला, लाभांशही मिळाला असेल. पण १९९२ च्या तेजीत रक्कम गुंतवून २००३ साली मुलीच्या लग्नासाठी ती काढावयास निघालेल्या बापाला या सरासऱ्यांचा काय उपयोग? आणि हे झाले निर्देशांकाचे. निर्देशांकातून दुबळ्या कंपन्या गळतात व सबळ कंपन्या घेतल्या जातात; घरच्या पेटीतील प्रमाणपत्रांना ती सोय नसते. नव्वदीच्या दशकात भांडवल गोळा करून नाहीशा झालेल्या कंपन्यांचे कागद पुष्कळ घरांत अजून असतील.

तेव्हा पडझडीत शिल्लक तगते की नाही, हे ती किती पडली यापेक्षा तिला हात कधी लावावा लागला यावर ठरते. आणि वर्धा जिल्ह्याची अडचण नेमकी येथेच आहे. या जिल्ह्यातील पगारदार घर सहसा केवळ पगारावरचे घर नसते. त्याच्या पाठीशी, किंवा त्याच्या अंगावर, गावाकडची शेती असते. भावाच्या कापसाचे पैसे आले नाहीत तर बियाण्याची तजवीज गुरुजींनाच करावी लागते. सल्लागारांच्या तक्त्यांत या शेतीचा रकाना नसतो. पण कुटुंबाची खरी गुंतवणूक मोजावयाची तर पगार, पऱ्हाटी, पतसंस्था आणि फंड ही चारही एकत्रच मांडावी लागतील.

ती चारही एकाच वेळी कशी आखडतात, हे २०२० च्या मार्चने दाखविले. १४ जानेवारीस ४१,९५२ वर असलेला निर्देशांक २३ मार्चला एका दिवसात ३,९३४ अंशांनी घसरून २५,९८१ वर आला. दोन दिवसांनी देशभर टाळेबंदी लागू झाली. कापूस महामंडळाची आणि पणन महासंघाची खरेदी ठप्प झाली. लांब धाग्याच्या कापसाला ५,५५० रुपये हमीभाव जाहीर असूनही विदर्भातील कितीतरी शेतकऱ्यांचा कापूस घरातच पडून राहिला, आणि गरजेपोटी ज्याने विकला त्याला व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागला. त्यातच राज्य शासनाने मार्चचे वेतन दोन टप्प्यांत देण्याचे ठरविले. तृतीय श्रेणीच्या कर्मचाऱ्यांच्या हाती पहिल्या टप्प्यात ७५ टक्केच रक्कम आली. निर्देशांक पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये जुन्या पातळीच्या वर गेला. अवघ्या आठ महिन्यांचा प्रश्न होता, असे आता म्हणता येते. पण खरिपाची पेरणी जूनमध्ये असते. ज्या घराजवळ सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा होता, त्याने फंडाकडे पाहिलेही नाही. ज्याच्याजवळ नव्हता, त्याला पडलेल्या भावात युनिटे मोडावी लागली, आणि त्याच्यापुरता तो तोटा कायमचा झाला.

असा वेगळा ठेवलेला पैसा कोठे ठेवावा, हाही प्रश्न या जिल्ह्यात साधा नाही. २००२ साली ‘होम ट्रेड’ या दलाली कंपनीचे सरकारी रोख्यांचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा तिच्याकडे पैसे अडकलेल्या सहकारी बँकांत नागपूरबरोबर वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचेही नाव होते. सरकारी रोखे म्हणजे सुरक्षिततेची परिसीमा. पण रोखे सुरक्षित असले तरी ते आणून देण्याचे कबूल करणारा दलाल सुरक्षित नव्हता. पुढे थकलेल्या कर्जांची भर पडली, परवान्याअभावी व्यवहारांवर निर्बंध आले आणि ठेवीदार आपल्याच पैशासाठी खेटे घालू लागले. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने परवाना नसलेल्या २३ जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली; त्यांत महाराष्ट्रातील तीन होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. वर्ध्याच्या ठेवीदाराला शेअर बाजाराच्या मंदीने जितके छळले नसेल, तितके या निर्धास्त समजल्या गेलेल्या ठेवींनी छळले.

बँकेतील ठेवींवरील विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. एकाच बँकेतील सर्व शाखांच्या ठेवी मिळून ही मर्यादा मोजली जाते, आणि पतसंस्थेच्या ठेवींना हे विम्याचे छत्र मुळीच नाही. अर्धा टक्का अधिक व्याजासाठी निवृत्तीची सारी रक्कम ओळखीच्या पतसंस्थेत ठेवणारे गृहस्थ शेअर बाजाराला जुगार म्हणतात, तेव्हा मोठी मौज वाटते.

निवृत्तीच्या रकमेचा विचार केला म्हणजे हा प्रश्न एकट्या कुटुंबाच्या शहाणपणाचा उरत नाही. नोकरीच्या दहाव्या वर्षी बाजार पडला तर शिक्षकाचे बिघडत नाही. पुढली वीस वर्षे ती खोट भरून काढतात. अडतिसाव्या वर्षी नव्हे, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पडला तर? सेवानिवृत्तीची तारीख जन्मतारखेवरून ठरते, निर्देशांक पाहून नाही. एकाच दिवशी रुजू झालेले, एकाच पगारावर काम केलेले दोन शिक्षक दीड वर्षाच्या अंतराने निवृत्त झाले, तर त्यांच्या साठलेल्या रकमेत फरक पडू शकतो. शेअरांचा वाटा लहान असेपर्यंत हा फरक सोसण्याजोगा राहील. तो वाढत गेला की फरकही वाढेल. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी व शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनासाठी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मागणीची चर्चा बहुधा तिजोरीवरील भाराच्या अंगाने झाली. तो भार खोटा नाही. परंतु निवृत्तीच्या वर्षी आलेली मंदी कोणी सोसावयाची, शासनाने की एकट्या गुरुजींनी, हा त्या संपातील मूळ प्रश्न होता. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवरील एकीकृत निवृत्तिवेतन योजनेस मान्यता दिली, ती त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे: कपात चालूच राहील, पण पुरेशी सेवा झालेल्यास किमान निवृत्तिवेतनाची हमी मिळेल. विनाअनुदानित शाळेत पंधरा वर्षे काढलेल्या, ना निर्वाह निधी ना निवृत्तिवेतन अशा शिक्षकाचा त्यात कोठेही उल्लेख नाही.