‘द ग्रेट व्हाइट होप’ पुन्हा बनवावा का?

या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्यातलं ‘म्हणजे, म्हणजे’ जरा कमी केलंय आणि घाईत राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी इथं भरल्यात. त्यामुळे ऐकलेलं आणि वाचलेलं शब्दाला शब्द जुळणार नाही, तेवढं सांभाळून घ्या.

जेम्स अर्ल जोन्स सप्टेंबर २०२४ मध्ये गेले, तेव्हा आपल्याकडच्या बहुतेकांना आठवला तो त्यांचा आवाज. ‘स्टार वॉर्स’मधला डार्थ व्हेडर, ‘द लायन किंग’मधला मुफासा. चेहरा डोळ्यासमोर आणायचा म्हटलं तर वेळ लागतो. मग एका श्रोत्यानं विचारलं, की त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं तो बॉक्सरचा सिनेमा कसा आहे, आणि आजच्या काळात तो नव्यानं बनवावा का? मी म्हटलं, दोन ओळीत उत्तर देतो. बसलो लिहायला, आणि त्याचा हा अख्खा भाग झाला.

सिनेमा १९७० चा, ‘द ग्रेट व्हाइट होप’. दिग्दर्शक मार्टिन रिट. मूळ हॉवर्ड सॅकलरचं नाटक. ते आधी १९६७ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजवर आलं, मग १९६८ मध्ये ब्रॉडवेवर. पुलित्झर मिळालं, टोनी मिळालं. जोन्स आणि जेन अलेक्झांडर ही जोडी नाटकातलीच, सिनेमातही तीच राहिली आणि दोघांनाही ऑस्करचं नामांकन मिळालं. प्रमुख भूमिकेसाठी नामांकन मिळालेला सिडनी पॉइटियेनंतरचा दुसरा कृष्णवर्णीय नट म्हणजे जोन्स. पुरस्कार मात्र ‘पॅटन’साठी जॉर्ज सी. स्कॉटला गेला, आणि त्या बाबानं तो घेतलाच नाही!

गोष्ट जॅक जेफरसन नावाच्या हेवीवेट चॅम्पियनची. जेफरसन काल्पनिक, पण त्याच्या मागचा माणूस खराखुरा: जॅक जॉन्सन, जगातला पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता. आता प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी या खऱ्या माणसाकडे जावं लागेल. सिनेमात काय आलं आणि काय गळलं, ते त्याशिवाय कळणार नाही.

जॉन्सनचा जन्म १८७८ चा, टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावातला. आईवडील दोघंही पूर्वीचे गुलाम. त्या काळी गोरे हेवीवेट विजेते काळ्या बॉक्सरशी किताबासाठी लढतच नसत. ‘आमच्यात तसली पद्धत नाही’ म्हटलं की विषय संपला. जॉन्सन टॉमी बर्न्स या विजेत्याच्या मागं मागं देशोदेशी हिंडला आणि अखेर २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत त्याला गाठलं. बर्न्सला ३०,००० डॉलर, जॉन्सनला ५,०००. चौदाव्या राउंडमध्ये बर्न्सची अवस्था बघून पोलिसांनी लढत थांबवली. आणि लढत टिपणारा कॅमेराही थांबवला, काळ्या माणसापुढं गोरा विजेता खाली पडताना पडद्यावर दिसू नये म्हणून. हा कॅमेरा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्यानंतर ‘ग्रेट व्हाइट होप’चा शोध सुरू झाला. जॉन्सनला लोळवील असा कुणीतरी गोरा, त्याला हे नाव. म्हणजे शब्द जरी ‘आशा’ असला, तरी कुणाची आशा आणि कशाची, ते त्यात आलंच. शेवटी निवृत्त होऊन शेती करत बसलेल्या जिम जेफ्रीजला उठवलं. हा कधीही न हरलेला माजी विजेता. त्यानं जवळपास ४५ किलो वजन उतरवलं. ४ जुलै १९१०, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नेवाडातल्या रिनो गावात लढत झाली. जॉन्सन हसत होता, प्रतिस्पर्ध्याशी गप्पा मारत होता, त्याच्या कोपऱ्यातून शिव्या घालणाऱ्यांना उत्तरं देत होता. पंधराव्या राउंडमध्ये जेफ्रीज संपला. त्या रात्री अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत दंगली झाल्या आणि माणसं मेली. मेलेल्यांत बहुतेक काळे. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांना आनंद झाला होता.

रिंगमध्ये जमलं नाही म्हटल्यावर कोर्टात प्रयत्न झाला. मान ॲक्ट नावाचा कायदा १९१० चा. कागदावर तो मुलींच्या व्यापाराविरुद्ध होता, पण ‘अनैतिक हेतूनं’ बाईला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हा गुन्हा, असं त्याचं मोघम कलम. जॉन्सनची उठबस गोऱ्या बायकांबरोबर, तीही उघड, मोटारीतून मिरवत. १९१३ मध्ये सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं, शिक्षा एक वर्ष आणि एक दिवस. तो पळाला. कॅनडा, युरोप, दक्षिण अमेरिका असं करत ५ एप्रिल १९१५ ला हवानात जेस विलर्डकडून सव्विसाव्या राउंडमध्ये हरला. १९२० मध्ये परत येऊन त्यानं शिक्षा भोगली. राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली ती २०१८ मध्ये, मेल्यावर ७२ वर्षांनी.

आता सिनेमाकडे येऊ. जोन्स या सिनेमात काय करतात ते शब्दांत सांगणं अवघड आहे. डोक्याचा गोटा, आडवंतिडवं शरीर, आणि ते हसणं. पत्रकारांसमोर तो हसतो तेव्हा त्यात मजा असते, तिरस्कार असतो, आणि आपण कुठल्या आगीशी खेळतोय याची पूर्ण जाणीवही असते. चेहऱ्याच्या एका रेषेत तिन्ही. नंतर युरोपात काम मिळेना म्हणून बुडापेस्टच्या एका कॅबरेत हा जगज्जेता ‘अंकल टॉम’चं सोंग घेऊन उभा राहतो. तो प्रसंग मी तीनदा पाहिला, आणि तिन्ही वेळा मधेच नजर दुसरीकडे वळवली.

आणि त्याचा काळ बघा. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावर बंदी घालणारे कायदे अमेरिकेच्या १६ राज्यांत जून १९६७ पर्यंत होते. सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केले आणि सहाच महिन्यांत हे नाटक रंगमंचावर आलं, ज्यात गोरी बाई आणि काळा पुरुष एका पलंगावर दिसतात. त्याच वर्षी मुहम्मद अलीनं सैन्यात जायला नकार दिला आणि त्याचा किताब काढून घेतला गेला. अलीनं हे नाटक पाहिलं आणि ही आपलीच कहाणी आहे, असं जोन्सना सांगितलं. तेव्हाच्या प्रेक्षकालाही १९१० च्या वेषातली चालू वर्तमानकाळाचीच गोष्ट दिसत होती.

मग अडचण कुठं आहे?

एक तर तो अजूनही नाटकच वाटतो. ब्रॉडवेवर साठाहून जास्त नटांचा, तीन तासांचा पसारा होता, तो १०३ मिनिटांत कोंबला. माणसं येतात, मोठ्यानं बोलतात, जातात. रंगमंचावर लढती पडद्यामागे ठेवणं चालून जातं, किंबहुना शोभतं. सिनेमात मात्र बॉक्सरच्या गोष्टीत बॉक्सिंग इतकं कमी दिसलं की हात आखडल्यासारखा वाटतो. पण हे मी माफ करीन.

माफ करवत नाही ती एलीची गोष्ट. सिनेमात जॅकबरोबर एकच गोरी बाई आहे, एलेनॉर बॅकमन. ती त्याच्याबरोबर परागंदा होते, हाल सोसते. शेवटी मेक्सिकोत तो वैतागून तिला हाकलतो आणि ती विहिरीत उडी मारते. तिचं प्रेत समोर आणल्यावर जॅक मोडतो आणि हवानाच्या सौद्याला हो म्हणतो. नाटक म्हणून घट्ट बसतं सगळं. प्रेयसी मेली, नायक शरण गेला.

खरी बाई एटा ड्युरीया. तिनं आत्महत्या केली, हे खरं. पण केली सप्टेंबर १९१२ मध्ये, शिकागोत, जॉन्सनच्याच क्लबच्या वरच्या खोलीत, स्वतःवर गोळी झाडून. तेव्हा खटला उभा राहिला नव्हता, परागंदा व्हायचं होतं, आणि हवाना अडीच वर्षं लांब होतं. ती गेली त्यानंतर तीन महिन्यांच्या आत जॉन्सननं ल्युसिल कॅमेरन या दुसऱ्या गोऱ्या मुलीशी लग्न केलं. ल्युसिलला त्याच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभं करायचा सरकारचा प्रयत्न होता, तो फसला. मग बेल श्रायबर नावाच्या जुन्या मैत्रिणीला आणलं आणि तिच्या साक्षीवर शिक्षा झाली. तीन वेगवेगळ्या बायका, तीन वेगवेगळी नाती. सॅकलरनं त्यांची एक एली केली आणि तिचा मृत्यू कथेला हवा तिथं सरकवला.

नाटककाराला तेवढी मुभा असते, मान्य. त्यानं नावंही बदलली होती. पण या सरकवण्यात एक गोष्ट हळूच नाहीशी झाली: जॉन्सन एटाला मारायचा. १९१० च्या नाताळात त्यानं तिला इतकं मारलं की हॉस्पिटलात न्यावं लागलं. ही नोंद जॉन्सनच्या शत्रूंनी रचलेली नाही. केन बर्न्सच्या ‘अनफरगिव्हेबल ब्लॅकनेस’ या माहितीपटात ती सांगितली आहे, आणि तो माहितीपट जॉन्सनच्या बाजूचा आहे. बर्न्स तर त्याला माफी मिळावी म्हणून वर्षानुवर्षं खटपट करणाऱ्यांपैकी एक.

इथं मी अडकतो. ज्या माणसाला त्याच्या कातडीच्या रंगापायी सरकारनं छळलं, तोच घरात बायकोला छळत होता. १९७० मध्ये हे दाखवलं असतं, तर ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ म्हणणारे तयारच बसले होते. म्हणून तेव्हा ते झाकलं गेलं असेल, तर त्याचं कारण मला समजतं. पण झाकल्यामुळे एटा दुसऱ्यांदा गेली. तिचं दुःख नायकाच्या शोकांतिकेचं सरपण झालं.

म्हणून माझं म्हणणं असं. सॅकलरची संहिता घेऊन तोच सिनेमा रंगीत-चकचकीत करून परत काढायचा असेल, तर नको. ते नाटक रंगमंचावरच बरं. २००० साली अरीना स्टेजवर ते परत झालं, तेव्हा जॅक होता माहेरशाला अली, पुढं दोन ऑस्कर मिळवणारा. तसे प्रयोग व्हावेत. जोन्सशी बरोबरी करायला कुणालाही पडद्यावर उभं करू नये, बिचाऱ्यावर अन्याय होईल. मात्र जॉन्सनवरचा मोठा कथापट अजून व्हायचा राहिलाय, आणि तो व्हायला हवा. त्यात एटा स्वतःच्या नावानं असेल, स्वतःच्या वेळी मरेल, आणि ती का मेली हा प्रश्न नायकालाही विचारला जाईल. त्यात हवानानंतरची ३१ वर्षं असतील, कारण जॉन्सन काही हवानात संपला नाही. तो लढत राहिला, तुरुंगात असताना पान्यात सुधारणा केली आणि १९२२ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं, पुन्हा लग्न केलं, मोटारी उडवत राहिला. १९४६ मध्ये उत्तर कॅरोलायनात मोटारीच्या अपघातात गेला. वाटेतल्या एका खाणावळीनं त्याला इतरांसारखं बसवून वाढायला नकार दिला, म्हणून तो संतापून भरधाव निघाला होता, असं सांगतात.

आणि त्यात तो कॅमेरा असेल. मला विचाराल तर सुरुवातच तिथून करावी. रिनोच्या लढतीची फिल्म निघाली तेव्हा शहराशहरांनी तिच्यावर बंदी घातली. तेवढ्यानं भागेना म्हणून १९१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायदाच केला: बॉक्सिंगच्या लढतीची फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायची नाही, परदेशातूनही आणायची नाही. तो कायदा १९४० पर्यंत टिकला. काळ्या माणसाचा विजय लोकांनी बघू नये, हा त्यामागचा हेतू फारसा लपवलेलाही नव्हता. गंमत म्हणजे तीच रिनोची फिल्म २००५ मध्ये त्यांनी राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायच्या यादीत घातली.

पण खरी गंमत पुढं आहे. तीन वर्षांनी जॉन्सन हवानात हरला आणि त्या लढतीचीही फिल्म होती. आता गोऱ्या प्रेक्षकांना ती बघायचीच होती, त्यासाठी तर इतकी वर्षं वाट पाहिली होती! कायदा मात्र आडवा आला. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तिथं हरली. मग १९१६ मध्ये काही उद्योगी मंडळी कॅनडाच्या सीमेवर रूझेस पॉइंटला गेली. सीमारेषेच्या पलीकडे, कॅनडात, फिल्म चालवायचं यंत्र. अलीकडे, अमेरिकेत, कोरी फिल्म भरलेला कॅमेरा. मूळ फिल्म तिकडंच राहिली, सीमेवरून आला तो नुसता उजेड, आणि एकेक चौकट करत अख्खी लढत इकडच्या फिल्मवर उतरवली गेली. कस्टम्सवाल्यांनी ती जप्त केली. उजेड आयात करणं हा गुन्हा आहे का, यावर मग कोर्टात वाद झाला. कोर्टानं सांगितलं, आहे.