अल्ट्रा एचडी ब्लू-रे तबकडीवरील चित्रपटाची डिजिटल प्रत

अल्ट्रा एचडी ब्लू-रे या अतिउच्च स्पष्टतेच्या तबकडीवर विकत मिळणारा चित्रपट तेथून वाचून संगणकाच्या हार्ड डिस्कवर किंवा अन्य साठवण-यंत्रावर फाइलच्या रूपात उतरवून ठेवणे, या क्रियेस चित्रपटाची डिजिटल प्रत करणे असे म्हणतात. बोलीत याला ‘रिप करणे’ असा शब्द रूढ आहे. तबकडीवर असतात ते केवळ अंक, आणि अंकांची बिनचूक नक्कल मुळाहून तिळमात्र वेगळी नसते. त्यामुळे ही नक्कल करणे संगणकाच्या दृष्टीने मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते त्या अंकांवर घातलेले कुलूप उघडणे, आणि ते उघडण्याचा अधिकार तबकडी विकत घेणाऱ्यास आहे की नाही हे ठरवणे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देशोदेशी वेगळे आहे.

तबकडीची रचना

ब्लू-रे डिस्क असोसिएशन या उद्योगसंघटनेने मे २०१५ मध्ये या तबकडीचे तांत्रिक निकष पूर्ण केले आणि २०१६ च्या आरंभी पहिल्या तबकड्या व त्यांचे प्लेअर बाजारात आले. तबकडीचा व्यास सीडी व डीव्हीडीइतकाच, म्हणजे १२ सेंटिमीटर असतो. ती ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर-जांभळ्या लेझरने वाचली जाते. दोन थरांच्या तबकडीत ५० किंवा ६६ आणि तीन थरांच्या तबकडीत १०० गिगाबाइट माहिती मावते. साध्या ब्लू-रेप्रमाणे या तबकडीस प्रदेशबंधन नाही. साध्या ब्लू-रेमध्ये जगाचे अ, ब, क असे तीन विभाग पाडलेले असून भारत तिसऱ्या विभागात येतो. अल्ट्रा एचडी तबकडी मात्र अमेरिकेत घेतली तरी पुण्यातील प्लेअरवर चालते.

चित्राची चौकट ३८४० × २१६० पिक्सेलची, म्हणजे पूर्वीच्या ब्लू-रेच्या चौपट असते. एका चौकटीत ८२,९४,४०० पिक्सेल येतात. प्रत्येक पिक्सेलच्या तेजासाठी १० बिट लागतात. रंगाची माहिती मात्र चार पिक्सेलांना मिळून एकदाच नोंदली जाते, म्हणून एका पिक्सेलमागे सरासरी १५ बिट पडतात. सेकंदाला २४ चौकटी धरल्यास हा ओघ सुमारे २९९ कोटी बिटांचा होतो, आणि दोन तासांच्या चित्रपटाचे केवळ चित्रच जवळजवळ २,७०० गिगाबाइट भरते. ते १०० गिगाबाइटांच्या तबकडीत बसवायचे तर किमान सत्तावीसपट दाबावे लागते. हे काम एचईव्हीसी किंवा एच.२६५ या नावाच्या पद्धतीने होते. चित्राचे जे काही सूक्ष्म तपशील गमवावे लागतात, ते तबकडी तयार होतानाच गमावलेले असतात. घरी केलेली प्रत तबकडीइतकी चांगली असू शकते, तिच्याहून चांगली कधीच नाही. अनेक चित्रपटांचे अंतिम संस्करण मुळात निम्म्या लांबी-रुंदीच्या चौकटीत, म्हणजे ‘टू-के’मध्ये झालेले असते आणि तबकडीसाठी ते मोठे करून घेतलेले असते, हेही वेष्टनावरील आकडे वाचताना ध्यानात ठेवावे.

तबकडीवरून सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहिती वाचली जाऊ शकते. आंतरजालावरून दाखवला जाणारा ‘फोर-के’ चित्रपट साधारणतः १५ ते २५ मेगाबिटांत भागवला जातो. दोन्हीकडे पिक्सेलांची संख्या तीच असते. तरी धूर, पाऊस, काळोखातील प्रसंग किंवा जुन्या फिल्मचा कणीदार पोत यांत फरक सहज दिसतो. मनुष्य तबकडी विकत घेऊन तिची प्रत करू पाहतो त्याचे मुख्य कारण हेच आहे. त्याला गुणवत्ता तबकडीची हवी असते आणि सोय फाइलची.

कुलूप आणि किल्ल्या

डीव्हीडीवर सीएसएस नावाची संरक्षणपद्धती होती. तिची किल्ली अवघी ४० बिटांची असल्याने ती फार काळ टिकली नाही. १९९९ मध्ये नॉर्वेतील योन लेक योहान्सन हा किशोरवयीन मुलगा आणि त्याचे सहकारी यांनी ‘डीसीएसएस’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. योहान्सनवर खटला भरण्यात आला. जानेवारी २००३ मध्ये आणि पुन्हा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही तो निर्दोष ठरला. तबकडी त्याने स्वतः विकत घेतलेली होती, ही बाब त्या निकालात महत्त्वाची ठरली. अमेरिकेतील न्यायालयाने मात्र तीच आज्ञावली प्रसृत करणाऱ्या एका नियतकालिकास २००० साली मनाई केली.

या अनुभवानंतर ब्लू-रेसाठी एएसीएस ही अधिक भक्कम पद्धती आणली गेली. डिस्ने, वॉर्नर ब्रदर्स, सोनी, पॅनासोनिक, तोशिबा, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम या कंपन्या तिच्या मुळाशी आहेत. चित्रपट १२८ बिटांच्या किल्लीने कूटबद्ध केलेला असतो. ती किल्ली तबकडीवरच असते, पण तीही कुलूपबंद. ती सोडवण्यास दोन गोष्टी लागतात : प्लेअरला त्याच्या निर्मात्याकडून मिळालेल्या गुप्त किल्ल्या, आणि तबकडीवर विशेष रीतीने उमटवलेला एक ओळखक्रमांक. हा क्रमांक सामान्य यंत्राने कोऱ्या तबकडीवर लिहिता येत नाही. म्हणून तबकडीवरील सर्व फाइली जशाच्या तशा उतरवून घेतल्या तरी ती नक्कल चालत नाही. एखाद्या प्लेअरच्या किल्ल्या फुटल्याचे कळले, तर पुढे निघणाऱ्या तबकड्यांतून त्या रद्द करता येतात. २००७ मध्ये अशीच एक किल्ली फुटली. ती असणारा मजकूर काढून टाकण्याच्या नोटिसा निघताच लोकांनी तो आकडा हजारो ठिकाणी लिहून ठेवला, आणि एका संख्येवर मालकी सांगता येते काय, असा विचित्र वाद उभा राहिला.

अल्ट्रा एचडी तबकडीसाठी याच पद्धतीची दुसरी आवृत्ती वापरली जाते. तरीही २०१७ मध्येच या तबकड्यांच्या अनधिकृत प्रती आढळू लागल्या. आज उपलब्ध असलेल्या प्रती करणाऱ्या आज्ञावली काही विशिष्ट जातीच्या ड्राइव्हवरच चालतात. ड्राइव्हमधील अंतर्गत आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, कोणते आहे यावर सारे अवलंबून असते.

संगणकावर तबकडी पाहण्याची अट

प्लेअरऐवजी संगणकावर ही तबकडी पाहण्यास २०१७ मध्ये अधिकृत परवानगी मिळाली, पण अटी कठोर होत्या. प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, त्यात एसजीएक्स नावाचा स्मृतीचा बंदिस्त कप्पा हवा, ड्राइव्ह मान्यताप्राप्त हवा, आणि पडद्यापर्यंतची जोडणी एचडीसीपी २.२ या संरक्षणपद्धतीची हवी. पॉवरडीव्हीडी ही आज्ञावली या अटी पूर्ण करणारी पहिली ठरली. पुढे इंटेलने अकराव्या व बाराव्या पिढीपासून घरगुती संगणकांच्या प्रोसेसरांतून एसजीएक्स काढून टाकले. परिणाम असा झाला, की तबकडी, ड्राइव्ह आणि आज्ञावली तिन्ही रीतसर विकत घेतलेल्या ग्राहकाने नवा संगणक घेतला, तर त्यावर त्याला आपलीच तबकडी अधिकृतपणे पाहता येईना. दुसरीकडे, २०२२ मध्ये संशोधकांनी एसजीएक्समधील उणिवांचा अभ्यास प्रसिद्ध करताना त्या कप्प्यातील गुपिते बाहेर काढता येतात, हे याच पॉवरडीव्हीडीच्या उदाहरणाने दाखवून दिले. कुलपाचा जाच नियम पाळणाऱ्यालाच अधिक होतो, या आक्षेपास यापेक्षा नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रतीचे प्रकार

संपूर्ण तबकडीची प्रतिमा ठेवणे हा पहिला प्रकार. यात मेनू, पूरक माहितीपट, सर्व भाषांतील ध्वनी असे सारे राहते आणि जागाही तबकडीइतकीच लागते. दुसऱ्या प्रकारात मुख्य चित्रपटाचे चित्र, निवडक ध्वनिपट्ट्या आणि उपशीर्षके तबकडीच्या मांडणीतून काढून माट्रोस्का, म्हणजे एमकेव्ही, या प्रकारच्या एका फाइलमध्ये भरतात. येथे चित्र पुन्हा दाबले जात नाही. पेटीतील वस्तू तीच, पेटी तेवढी नवी. गुणवत्ता राखून जागा वाचवणारा हा मार्ग सर्वाधिक पसंत केला जातो. तिसऱ्या प्रकारात चित्र नव्याने दाबून फाइल लहान करतात. एकदा दाबलेले चित्र पुन्हा दाबल्याने त्याची हानी होते आणि संगणकास त्यासाठी कित्येक तास लागू शकतात.

दुसरा प्रकार वाटतो तितका सरळ नाही. तबकडीवर चित्रपट अखंड नसून पुष्कळदा लहान लहान तुकड्यांत असतो, आणि ते कोणत्या क्रमाने जोडायचे हे एका क्रमसूचीत लिहिलेले असते. प्रत करणाऱ्यास चकवण्यासाठी काही तबकड्यांवर शेकडो खोट्या क्रमसूची घातलेल्या असतात. चुकीची निवडली तर चित्रपट पूर्ण लांबीचा दिसतो, पण मधले प्रसंग उलटसुलट होतात.

रंग आणि तेज यांची माहिती हा आणखी एक नाजूक भाग आहे. या तबकडीवरील बहुतेक चित्रपट ‘एचडीआर’ पद्धतीचे असतात, म्हणजे त्यांत गडद व उजळ भागांतील अंतर नेहमीपेक्षा पुष्कळ मोठे असते. पडद्याने ते कसे दाखवावे याच्या सूचना चित्रासोबत जातात. एचडीआर-१० मध्ये या सूचना संपूर्ण चित्रपटासाठी एकच असतात. डॉल्बी व्हिजनमध्ये त्या प्रसंगागणिक बदलतात, आणि तबकडीवर त्यांसाठी मूळ चित्राच्या जोडीला दुसरा थरही असू शकतो. प्रत करताना तो थर सुटला तर चित्र एचडीआर-१० म्हणून दिसते. सर्वच सूचना हरवल्या तर ते फिकट आणि राखाडी पडते. अनेकांना यात आपला दूरचित्रवाणी संच बिघडल्याचा भास होतो. उपशीर्षकेही अक्षरांच्या रूपात नसून छोट्या चित्रांच्या रूपात असतात, त्यामुळे त्यांतील शब्द शोधणे वा दुरुस्त करणे सहजासहजी जमत नाही.

अधिकृत प्रत

आरंभीच्या निकषांत ‘डिजिटल ब्रिज’ नावाची सोय योजलेली होती. ग्राहकाने परवानगी मिळवून तबकडीवरील चित्रपटाची एक प्रत आपल्या साठवण-यंत्रावर घ्यावी, अशी ती कल्पना. परंतु प्रत्यक्ष वापरात ती आली नाही. तिच्याऐवजी अमेरिकेत तबकडीच्या खोक्यात एक सांकेतिक क्रमांक देण्याची पद्धत पडली. तो नोंदवला की चित्रपट आंतरजालावरील खात्यात जमा होतो. ही खऱ्या अर्थाने प्रत नव्हे, पाहण्याचा परवाना आहे. तो चालवणारी संस्था बंद पडली तर काय होते, याचा अनुभव ३१ जुलै २०१९ रोजी आला. त्या दिवशी अल्ट्राव्हायोलेट ही सेवा संपली आणि खातेदारांना आपले चित्रपट आधीच अन्य विक्रेत्यांच्या खात्यांशी जोडून घ्यावे लागले.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अधिनियमानुसार कुलूप तोडणे हाच स्वतंत्र अपराध आहे. प्रत कोणत्या हेतूने केली हे त्यानंतरचे. दर तीन वर्षांनी काही अपवाद मंजूर होतात. टीका-समीक्षा व अध्यापन यांसाठी चित्रपटातील लहान अंश घेण्यास मुभा असून २०१५ पासून तीत ब्लू-रेचाही समावेश आहे. स्वतःच्या वापरासाठी संपूर्ण चित्रपट फाइलमध्ये उतरवण्याची मागणी मात्र वेळोवेळी फेटाळली गेली. ब्रिटनमध्ये खासगी प्रतीचा अपवाद ऑक्टोबर २०१४ मध्ये लागू झाला आणि जुलै २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. जर्मनीत खासगी प्रतीचा हक्क आहे, पण कुलूप तोडण्यास मनाई आहे. केवळ स्वतःच्या वापरासाठी ते तोडले तर फौजदारी शिक्षा नाही. म्हणजे हक्क आहे, परंतु तो बजावण्याची वाट बंद आहे.

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ घातले गेले. प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षक तांत्रिक उपाय मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. येथे ‘हेतू’ हा शब्द निर्णायक आहे. अमेरिकी कायद्याहून भारतीय कायदा या ठिकाणी वेगळा होतो. अधिनियमाने स्पष्टपणे मनाई न केलेल्या प्रयोजनासाठी केलेल्या कृतीस हे कलम आड येत नाही. मात्र अशा कामी दुसऱ्यास साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता व अन्य तपशील यांची नोंद ठेवावी, अशी अट आहे. याशिवाय कलम ५२ अन्वये खासगी वा वैयक्तिक वापरासाठी केलेला ‘न्याय्य व्यवहार’ हा प्रताधिकाराचा भंग मानला जात नाही, आणि २०१२ पासून ही तरतूद चित्रपटांनाही लागू आहे. न्याय्य व्यवहाराचे माप कलमात दिलेले नाही, ते प्रकरणागणिक ठरते. प्रत इतरांना वाटणे, विकणे किंवा आंतरजालावर ठेवणे या कृती मात्र ‘वैयक्तिक वापर’ या शब्दांत कोणत्याही अर्थाने बसत नाहीत.

जतनाचा प्रश्न

प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या या व्यवसायातून हळूहळू बाहेर पडत आहेत. ओप्पोने २०१८ मध्ये आणि एलजीने २०२४ च्या अखेरीस प्लेअरचे उत्पादन थांबवले. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे प्लेअर आणणे बंद केले. तबकडी सुस्थितीत असूनही ती वाचणारे यंत्र न मिळणे, ही चित्रफितींच्या बाबतीत घडलेली गोष्ट येथेही घडू शकते. हार्ड डिस्कवरील प्रतही अमर नसते. ती दोन वेगळ्या यंत्रांवर ठेवून काही वर्षांनी नव्या यंत्रावर हलवावी लागते, आणि कूटबद्ध स्वरूपातच राहिलेली प्रत किल्लीवाचून निरुपयोगी ठरते. हे ओळखून अमेरिकेत २०२१ मध्ये ग्रंथालये, अभिलेखागारे व संग्रहालये यांना एक अपवाद देण्यात आला : संग्रहातील डीव्हीडी वा ब्लू-रे खराब झालेली अथवा होत असेल आणि बाजारात तिची नवी प्रत वाजवी रीतीने मिळत नसेल, तर जतनासाठी कुलूप उघडून चित्रपट उतरवून घेता येतो. घरच्या कपाटातील तबकडीस ही सवलत लागू नाही.