दोन भाषांमधला पूल – ९ : न संपणारी यादी

इटरेटर किती काळ जिवंत ठेवायचा, हे प्रकरण आज घेणार होतो. ते पुढच्या आठवड्यात. धारवाडहून आलेला एक प्रश्न इतका सुरेख आहे की आजचा भाग त्यालाच.

सुभाष रोडवर जी. बी. जोशींनी १९३३ साली सुरू केलेली मनोहर ग्रंथमाला आहे. त्याच रस्त्यावरच्या एका दुकानातल्या कन्नड-मराठी पुस्तकांची यादी तिथले एक वाचक संगणकावर आणताहेत. यादी सी प्लस प्लसच्या मॅपमध्ये, दाखल क्रमांक ही किल्ली, आणि पायबाइंडने ती पायथनला जोडलेली. ते लिहितात, 'क्रमांक दिला की पुस्तक मिळतं, लेन आकडा बरोबर सांगतं, पण फॉर लावला की थांबतच नाही आणि मेमरी वाढत जाते.'

फॉर आधी 'इटर' शोधतो. (नावांच्या दोन्ही अंगांच्या अधोरेखा नेहमीप्रमाणे गाळतो.) ते नसेल तर तो 'गेटआयटेम'कडे वळतो आणि ०, १, २ असं मागत सुटतो, इंडेक्सएरर येईपर्यंत. इटर आलं २००१ मध्ये, पायथन २.२ सोबत, त्याआधीची ही पद्धत जुन्या कोडसाठी अजून शाबूत आहे. लेनकडे फॉर ढुंकूनही पाहत नाही.

आता पलीकडे बघा. मॅपला चौकटी कंसात नसलेली किल्ली दिली, तर तो चूक दाखवत नाही. त्या किल्लीवर कोरी नोंद तयार करून तीच हातात देतो. म्हणजे फॉर मागतोय आणि मॅप छापतोय! दोघेही आपापल्या नियमाला पक्के, म्हणून इंडेक्सएरर येणार कुठून?

लगेच सुचणारा उपाय म्हणजे कंसाऐवजी 'अ‍ॅट'. ते आउट-ऑफ-रेंज फेकतं, पायबाइंड त्याचा आपोआप इंडेक्सएरर करतं. पण दाखल क्रमांक सुरू होतात १ पासून. फॉर पहिल्यांदा ० मागतो, एरर येतो, फेरी संपते. एकही पुस्तक नाही आणि तक्रारही नाही. मला हे जास्त घातक वाटतं. न थांबणारा प्रोग्रॅम निदान लक्षात तरी येतो. रिकामी यादी गुपचूप पुढे जाते.

म्हणून दोन गोष्टी करा. गेटआयटेममध्ये किल्ली सापडली नाही तर स्वतः कीएरर फेका. दाखल क्रमांक ही किल्ली आहे, रांगेतली जागा नव्हे. आणि कीएरर फॉर गिळत नाही, तो थेट समोर येतो. मग इटर द्या, आणि तेही मेक-की-इटरेटर वापरून. साधा मेक-इटरेटर मॅपमधून क्रमांक-पुस्तक अशा जोड्या काढतो. 'कंटेन्स' लिहिलेलं नसेल तर 'इन'सुद्धा याच फेरीतून शोधतो, त्यामुळे जोड्यांमध्ये नुसता ५१२ शोधला तर पुस्तक असूनही उत्तर नाही असंच येईल. पायथनची डिक्शनरी फेरीत किल्ल्याच देते. आपल्या यादीनेही तेच करावं.

त्या इटरच्या ओळीत कीप-अलाइव्ह शून्य, एक एवढं तूर्त लिहून ठेवा. का, ते पुढच्या आठवड्यात.