विदूषक नसलेला फार्स : 'जेनेव्हिव्ह'ची पात्रनिवड

ब्रिटिश विनोदी चित्रपटांबद्दल बोलताना आज आपण एकच चित्रपट घेऊ, १९५३ सालचा 'जेनेव्हिव्ह'. दिग्दर्शक हेन्री कॉर्नेलियस, पटकथा विल्यम रोझ. आपला प्रश्न साधा आहे. या फार्समध्ये विदूषक कोण?

फार्स म्हटलं की मराठी प्रेक्षकाला बबन प्रभू आठवतात, दारं आठवतात, दारांमागे लपलेली माणसं आठवतात. इथे दारंच नाहीत. इथे रस्ता आहे आणि दोन उघड्या मोटारी आहेत. जेनेव्हिव्ह हे बाईचं नाव असलं तरी ती नायिका नाही, ती १९०४ची डारॅक मोटार आहे. वकील ॲलन मॅकिम आणि त्याची बायको वेंडी हिच्यात बसून दरवर्षी लंडन ते ब्रायटन जातात. जुन्या मोटारींची ही फेरी खरोखरच नोव्हेंबरात निघते. ती शर्यत नव्हे, मुक्कामी पोचलं की झालं. शेजारून स्पायकर गाडी घेऊन निघतो जाहिरात क्षेत्रातला मित्र अँब्रोज. त्याच्या बाजूला फॅशन मॉडेल रोझालिंड, आणि मागे तिचा भलाथोरला सेंट बर्नार्ड कुत्रा. लग्नाआधी वेंडी आणि अँब्रोज यांची मैत्री होती, हे ॲलनच्या डोक्यातून जात नाही. त्यातून भांडण होतं, आणि परतीच्या वाटेवर शंभर पौंडांची पैज लागते. वेस्टमिन्स्टर ब्रिज आधी कोण ओलांडणार?

आता बघा, हे कथानक एखाद्या कसलेल्या विनोदी नटाच्या हातात दिलं असतं तर काय झालं असतं? त्याने पहिल्याच वळणावर डोळे फिरवले असते. आपण हसलो असतो, पण या नवरा-बायकोचं पुढे काय होणार याची काळजी आपल्याला वाटली नसती. कॉर्नेलियसने मुख्य भूमिकांसाठी विनोदी नट घेतलेच नाहीत. आमच्या मते चित्रपटाचं खरं कसब इथे आहे.

ॲलन झालेले जॉन ग्रेगसन सरळ, थोडे घुम्या चेहऱ्याचे. गंमत म्हणजे त्यांना मोटार चालवता येत नव्हती, या चित्रपटाच्या निमित्ताने ते शिकले. पडद्यावर ते चाक घट्ट धरून रस्त्याकडे बघत असतात, आणि तो ताण ॲलनच्या हट्टी स्वभावाला अगदी शोभतो. वेंडीच्या भूमिकेत डायना शेरिडन आहेत. नीटनेटकी, समंजस, कुठल्याही घरात शोभेल अशी ही बाई. ती चिडते तेव्हा आवाज चढवत नाही, नुसती गप्प होते. तिच्या गप्प होण्यावर आपण हसतो, कारण तो अबोला आपण घरोघरी पाहिलेला असतो.

अँब्रोज म्हणजे केनेथ मोर. त्या काळात ते रॅटिगन यांच्या 'द डीप ब्लू सी' या गंभीर नाटकात काम करत होते. तरुणपणी विंडमिल थिएटरात विनोदवीरांना नुसती वाक्यं पुरवण्याचं कामही त्यांनी केलं होतं. समोरच्याला हशा मिळवून द्यायचा आणि आपण शांत राहायचं, ही तालीम इथे कामी आली. अँब्रोज स्वतःला मोठा रसिक प्रियकर समजतो. ब्रायटनच्या रात्रीचे त्याचे बेत दरवेळी फसतात, पण हा माणूस आत्मविश्वास सोडत नाही. विनोद नेमका तिथे आहे.

उरल्या के केंडल. त्यांच्या आजी मेरी केंडल म्युझिक हॉल गाजवलेल्या कलावंत, म्हणजे करमणुकीचं रक्त घरातच. पण १९४६चा 'लंडन टाउन' सपशेल आपटला आणि केंडल यांची वाटही अडली. 'जेनेव्हिव्ह'मधल्या एका प्रसंगाने ती मोकळी झाली. दारू चढलेली रोझालिंड नाचाच्या कार्यक्रमात बँडवाल्याकडून ट्रम्पेट घेते. आता शोभा होणार, म्हणून सगळे अवघडतात. आणि ती झकास वाजवते! वाजवून झाल्यावर जागेवर येते आणि गपकन कोसळते. सूर केनी बेकर यांचे होते, पण तो रुबाब आणि ते कोसळणं केंडल यांचं. सुंदर बाईने विनोदासाठी विद्रूप व्हावं लागत नाही, हे त्यांनी दाखवलं. १९५९ साली, अवघ्या ३२व्या वर्षी त्या गेल्या.

मग अर्कचित्रं कुठे आहेत? कडेला. ब्रायटनच्या कळकट हॉटेलची मालकीण जॉइस ग्रेनफेल यांनी केली आहे. गरम पाणी ठरावीक वेळेतच मिळेल, हे ती अशा गोड आवाजात सांगते की तक्रार करणाराच ओशाळतो. खिडकीबाहेरचं घड्याळ टोल द्यायला लागलं की खोली हादरते. अशी पात्रं दोन मिनिटांत येऊन जातात. ती लांबली असती तर मधल्या चौघांचा खरेपणा गेला असता. संगीतातही तोच हिशेब आहे. भल्यामोठ्या वाद्यवृंदाऐवजी लॅरी ॲडलर यांचा माउथ ऑर्गन पुढे असतो. ॲडलर हॉलिवूडच्या काळ्या यादीत असल्यामुळे अमेरिकेतल्या प्रतींवरून त्यांचं नाव काढलं गेलं, आणि ऑस्करचं नामांकन संगीत-संचालक म्यूर मॅथिसन यांच्या नावे लागलं. ही चूक दुरुस्त व्हायला कित्येक वर्षं गेली.

शेवटाकडे येऊ. पूल जवळ आलेला, पैज हातातोंडाशी. तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ ॲलनला थांबवतात. अशाच डारॅकच्या आठवणी त्यांना सांगायच्या असतात. ॲलन आधी त्यांना टाळू बघतो. मग त्यांचा चेहरा पाहतो, आणि थांबून ऐकतो. वेंडी हे बघते. दोन दिवस हट्टाने वागलेला नवरा मुळात कसा माणूस आहे, ते तिला पुन्हा दिसतं. शर्यत पुढे कशी सुटते, ते चित्रपटातच पाहा. आमच्या दृष्टीने निकाल इथेच लागलेला असतो.

हा क्षण कशामुळे उभा राहतो? ॲलनला आपण तोवर माणूस म्हणून पाहत आलो, म्हणून. विदूषक थांबला असता तर आपण पुढच्या विनोदाची वाट पाहिली असती. तेव्हा आपल्या प्रश्नाचं उत्तर असं, की या फार्समध्ये विदूषक कोणीच नाही. माणसं आपापला मान जिवापाड जपतात, आणि एक जुनी मोटार ऐन वेळी बंद पडते. हसण्यासाठी तेवढं पुरतं.