गुहागरची कासवं आणि हीट ट्रान्सफर

सबमिशन संपलं की होस्टेलवर पहिला प्रश्न असतो, "कुठे जायचं?" उत्तर दरवर्षी ठरलेलं, गोवा. यंदा मार्चमध्ये आमच्या विंगमधल्या सहा जणांनी गोव्याऐवजी गुहागर गाठलं. तिथे जे बघितलं ते सगळ्याच ब्रँचच्या मंडळींनी वाचावं असं आहे, म्हणून हा लेख.

गुहागर रत्नागिरी जिल्ह्यात. कोकण रेल्वेने चिपळूणला उतरायचं, पुढे एसटीने साधारण ४५ किलोमीटर. गाव म्हणजे समुद्राला समांतर जाणारा एक लांबलचक रस्ता. दोन्ही बाजूंना घरं, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, मग सुरूचं बन आणि त्यापलीकडे पाच-सहा किलोमीटर सरळ पसरलेली पुळण. मध्ये व्याडेश्वराचं देऊळ. दुपारी जेवणं झाली की सगळं गाव वामकुक्षीला जातं आणि रात्री किनाऱ्यावर मिट्ट काळोख. "इथे टाइमपास काय?" असं आमच्यातल्या एकाने विचारलंच. पण ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांना नेमका हाच काळोख आणि हीच शांतता लागते.

साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री वाळूवर येते, मागच्या पायांनी दीड फूट खोल, सुरईसारखा खड्डा करते, त्यात शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. परत बघायलाही येत नाही. पुढचे ४५ ते ६० दिवस सगळं काम वाळूचं.

आता आपला विषय. दुपारी वरची वाळू पाय भाजतील इतकी तापते, रात्री गार होते. पण ही चढउतार खाली जाता जाता झपाट्याने विरते. दीड फुटावर दिवसरात्रीचा फरक एखाद्या अंशाच्या आतच राहतो. हीट ट्रान्सफरच्या पेपरात आपण जे गणित ऑप्शनला टाकतो, ते ही बाई पायाने सोडवते!

तापमानाला इतकं महत्त्व का? कारण कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे गुणसूत्रांवर नाही, तर अंड्याच्या तापमानावर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात. त्याहून गार वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या जास्त, आणि फारच तापली तर अंडी खराब होतात. रोजची चढउतार वाळू गिळते, पण ऋतूची वाढ खालपर्यंत पोहोचतेच. त्यामुळे उशिरा घातलेल्या अंड्यांना उन्हाळ्याचा चटका बसतो. दोन-तीन अंशांची वाढ आपल्याला पंख्याच्या एका नंबराइतकी वाटते. तिथे मात्र सगळं घरटं एकाच लिंगाचं होऊ शकतं.

पूर्वी ही अंडी माणसं, कुत्री, कोल्हे उकरून न्यायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली याच जिल्ह्यातल्या वेळासला गावकऱ्यांच्या साथीने संवर्धन सुरू केलं, आणि पुढे वनविभागाच्या मदतीने ते इतर किनाऱ्यांवरही पोचलं. गुहागरला कासवमित्र पहाटे पुळण पालथी घालतात आणि सापडलेली अंडी कुंपण घातलेल्या हॅचरीत हलवतात. हे काम काही तासांतच उरकावं लागतं. नंतर अंडं उलटंपालटं झालं तर कवचाला चिकटलेला गर्भ दगावतो. नवा खड्डाही त्याच मापाचा हवा. "खोली चुकली की सगळंच चुकलं," एक कासवमित्र काका आम्हाला म्हणाले. आमच्या वर्कशॉपमध्ये टॉलरन्स इतक्या गंभीरपणे कुणी घेत नाही.

या कासवांचा पल्लाही ऐका. २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून थेट पश्चिमेला!

वाळूतून वर आलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं. रात्री मोकळा समुद्र झाडीपेक्षा उजळ दिसतो, म्हणून ते पाण्याकडे जातं. मागे हॉटेलचा हॅलोजन किंवा आपल्या मोबाइलचा टॉर्च असला, की पिल्लू उलट्या दिशेने निघतं आणि कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जातं. हजारात एखादंच मोठं होतं असा अंदाज आहे. त्यात आपण भर कशाला घालायची?

तेव्हा जरूर जा. पिल्लं बघायला फेब्रुवारी ते एप्रिल बरा. ती पहाटे किंवा संध्याकाळी सोडतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. दोरीच्या मागे उभे राहा, पिल्लं हातात घेऊ नका, फ्लॅश बंद ठेवा. बाइक पुळणीवर नेऊ नका. चाकाखाली वाळू दबते आणि चाकोरीत पिल्लं अडकतात. रात्री डीजे लावायचाच असेल, तर आपलं होस्टेल आहेच. रेक्टर सर समर्थ आहेत!