मराठवाड्यात येणाऱ्या प्रवाशास

परमुलखात जाणाऱ्याने तेथील नाणे, वाट, पाणी आणि रीतभात यांची विचारपूस आधीच करावी, असे जुनी माणसे सांगत. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात गेल्यास खिशातले रुपये कामास येत नाहीत; तेथे एका सुंदर पक्ष्याच्या नावाचे ‘केत्साल’ हे चलन घ्यावे लागते. मुलांनो, तुम्हांला नवल वाटेल, पण 1948 पूर्वी बार्शीहून लातुरास येणाऱ्यावरही असाच प्रसंग येई. बार्शी इंग्रजी अमलात होती आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानचे नाणे निराळे. त्यास हाली सिक्का म्हणत. इंग्रजी सहा रुपयांस सुमारे सात हाली रुपये मिळत. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असे. तेथे मालाची तपासणी होऊन जकात भरावी लागे. एकाच मराठी भाषेचे लोक, पण मध्ये हा असा अडसर! लातुरास 1911 साली पोहोचलेली अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरील चिमुकली बार्शी लाइट रेल्वे हीच सरहद्द ओलांडत असे. आता तेथे रुंद मार्ग झाला आहे.

नाक्यांची कटकट गेली, तरी वाट चुकण्याचे भय आहेच. ‘लातूर’ आणि ‘लातूर रोड’ ही दोन वेगळी स्थानके असून त्यांत सुमारे 30 किलोमीटरांचे अंतर आहे. आमच्याकडे येणारे एक पाहुणे एकदा रात्री लातूर रोडला उतरले आणि सकाळपर्यंत बाकावर बसून राहिले! तिकीट काढतानाच नाव नीट वाचावे.

प्रवासास कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. पाण्याविषयी मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे. 2016 साली मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी आणावे लागले. घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली मुले तुमच्याच वयाची होती. म्हणून येथे पाहुण्याने पेला हवा तेवढाच भरून घ्यावा. उरलेले पाणी कोणी फेकले, तर यजमान शब्दाने बोलणार नाही. पण त्याच्या जिवास ते लागते.

नांदेडास गोदावरीकाठी शिखांचे पवित्र स्थान आहे. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये येथेच देह ठेवला. आत जाताना जोडे काढून पाय धुवावेत आणि मस्तक झाकावे. साधा रुमालही चालतो. लंगरात सर्वांसमवेत पंक्तीत बसावे. पोळी वाढली जाते, तेव्हा ती दोन्ही हात पुढे करून घेतात. पानात काही टाकू नये.

पावसाळ्यात आलात, तर पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा पाहावा. तेथील काळ्या खडकांवर शेवाळ असते व पाणी एकाएकी चढते. तेव्हा काठावरूनच पाहावे, आणि गावकरी थांबा म्हणाले की थांबावे.